फ्रान्सचं वर्ष : ऑगस्ट, सगळ्या देशाची सुट्टी

मागच्या आठवड्यात आपण १४ जुलैच्या रात्री अग्निशामक दलाच्या केंद्रांत रंगणाऱ्या नाचापर्यंत आलो होतो. तो नाच संपला की फ्रान्स सामान बांधायला घेतो.

शनिवार, २ ऑगस्ट १९७५. जुलैची सुट्टी संपवून परतणारे आणि ऑगस्टच्या सुट्टीला निघालेले एकाच दिवशी रस्त्यावर उतरले. देशभर खोळंबलेल्या गाड्यांच्या रांगा मिळून ६०० किलोमीटरवर गेल्या. या दोन गटांना फ्रेंचांनी नावंही दिली आहेत, जुलैवाले ते ‘जुइयेतिस्त’ आणि ऑगस्टवाले ते ‘आउसियँ’. त्या शनिवारने सरकारला असा धडा दिला की पुढच्याच उन्हाळ्यात ‘बिझाँ फ्युते’ अवतरला. नावाचा अर्थ चतुर गवा, चित्र मात्र डोक्यात पीस खोवलेल्या छोट्याशा अमेरिकन आदिवासीचं. कोणत्या दिवशी कुठल्या दिशेला किती गर्दी होणार, हे तो आधीच सांगतो. हिरवा दिवस मोकळा, मग नारिंगी, मग लाल, आणि सर्वांत वाईट तो काळा. महामार्ग टाळून जाणाऱ्या आडवाटांच्या पाट्याही त्याच मोहिमेतून लागल्या. तरीसुद्धा ऑगस्टच्या तोंडावरच्या काळ्या शनिवारी लोक निघतातच, कारण सुट्टीसाठीची घरं बहुतेक शनिवार ते शनिवार अशीच भाड्याने मिळतात.

सगळ्यांनी एकदमच निघायचं, या रीतीची पाळंमुळं १९३६ च्या उन्हाळ्यात आहेत. त्या मे महिन्यात डाव्या पक्षांची आघाडी निवडणूक जिंकली. लेआँ ब्लूम पंतप्रधानपदावर बसण्याआधीच कामगारांनी कारखाने ताब्यात घ्यायला सुरुवात केली होती. सुमारे वीस लाख लोक संपावर गेले. यंत्रं बंद होती आणि कारखान्यांच्या आवारात अ‍ॅकॉर्डियनवर नाच चालले होते. २० जूनला कायदा झाला आणि एक वर्ष नोकरी झालेल्या प्रत्येकाला पंधरा दिवसांची पगारी रजा मिळाली. तोवर बहुतेक कामगारांसाठी काम बंद म्हणजे चूल बंद. पण या साऱ्या इतिहासात मला सर्वांत हृद्य वाटतं ते लेओ लाग्राँज या तरुण उपमंत्र्याचं काम. रजा दिली, पण समुद्रापर्यंत जायला पैसे कुठून येणार, हा विचार त्यांनी केला आणि रेल्वेच्या भाड्यात ४० टक्के सवलतीचं तिकीट काढलं. पहिल्याच उन्हाळ्यात सुमारे सहा लाख लोकांनी ते घेतलं. ज्यांना गाडीभाडंही परवडत नव्हतं ते दोघांच्या सायकलवर, मागे तंबू बांधून निघाले. त्यांतल्या कित्येकांनी त्या वर्षी पहिल्यांदा समुद्र पाहिला.

रजेचा तिसरा आठवडा १९५६ साली आला, चौथा १९६९ मध्ये, पाचवा १९८२ मध्ये. मोठे कारखाने ऑगस्टमध्ये सरळ टाळं लावत, त्यामुळे अख्खी वस्तीच एकदम गावाला जाई. पॅरिसच्या कित्येक गल्ल्यांत आजही ऑगस्टच्या मध्यावर सामसूम असते. चांभार, फुलवाला, कोपऱ्यावरचा कॅफे, सगळ्यांच्या दारांवर हाताने लिहिलेले कागद दिसतात : अमुक तारखेपर्यंत बंद.

एका दुकानाला मात्र ही मुभा नव्हती. १७८९ च्या ऑक्टोबरमध्ये पावासाठी पॅरिसच्या बायका व्हर्सायच्या राजवाड्यावर चालून गेल्या होत्या. शहरात पाव कमी पडला तर काय होतं, हे राज्यकर्ते त्यानंतर कधी विसरले नाहीत. म्हणून पॅरिसच्या बेकरीवाल्यांनी सुट्टी कधी घ्यायची, हे प्रशासन ठरवी. निम्मे जुलैत जात, निम्मे ऑगस्टमध्ये, आणि बंद दारावर जवळच्या उघड्या बेकरीचा पत्ता लावणं भाग असे. क्रांतिकाळात रुजलेला हा नियम टिकला थेट २०१४ च्या अखेरपर्यंत. २०१५ च्या उन्हाळ्यात बेकरीवाल्यांना पहिल्यांदा मनासारखी सुट्टी घेता आली, आणि ‘आता ऑगस्टमध्ये पाव मिळणार का?’ ही चिंता वर्तमानपत्रांत गंभीरपणे छापून आली.

शहरं रिकामी होतात तेव्हा खेडी भरतात, आणि तिथे वेगळेच तंटे उभे राहतात. दक्षिणेतल्या ल बोसे गावात २०१८ मध्ये काही पर्यटकांनी महापौरांकडे मागणी केली की औषध फवारून सिकाडा किडे मारा, त्यांच्या किर्रकिरीने विश्रांती मिळत नाही. ओलेराँ बेटावरचा मॉरिस नावाचा कोंबडा पहाटे आरवतो म्हणून शेजारच्या सुट्टीघराच्या मालकांनी त्याच्या मालकिणीला कोर्टात खेचलं. सप्टेंबर २०१९ मध्ये कोर्टाने कोंबड्याच्या बाजूने निकाल दिला आणि मालकिणीला हजार युरोंची भरपाई देवविली. जानेवारी २०२१ मध्ये तर कायदाच झाला, आणि निसर्गातले, खेड्यांतले आवाज नि वास देशाच्या सामायिक वारशात मोजले जाऊ लागले. मॉरिस तोवर हयात नव्हता. मला हा कायदा फार योग्य वाटतो. गावात पंधरा दिवस राहायला आलेल्याने गावाला गप्प बसवायचं, यात न्याय नाही.

ऑगस्टची एक काळी बाजूही आहे, ती वगळून पुढे जाता येणार नाही. २००३ च्या ऑगस्टमध्ये उष्णतेची भीषण लाट आली. पॅरिसमध्ये पारा चाळिशीला टेकला. देशभरात सुमारे पंधरा हजार माणसं दगावली. त्यांत बहुसंख्य वृद्ध होते, आणि त्यांतले पुष्कळसे एकटे राहणारे. मुलं सुट्टीवर, शेजारी सुट्टीवर, डॉक्टर सुट्टीवर, रुग्णालयांत नेहमीप्रमाणे उन्हाळ्यापुरत्या कमी केलेल्या खाटा. राष्ट्राध्यक्ष शिराकसुद्धा परदेशी सुट्टीवर होते. पॅरिसमधल्या काही मृतदेहांवर हक्क सांगायला कुणीच आलं नाही. ३ सप्टेंबरला त्यांतल्या ५७ जणांना तियेच्या दफनभूमीत निरोप देण्यात आला, तेव्हा शिराक स्वतः हजर होते. त्यानंतर नगरपालिका एकट्या वृद्धांच्या याद्या ठेवू लागल्या आणि लाट आली की त्यांना फोन करून विचारपूस होऊ लागली. २००४ च्या कायद्याने ‘एकजुटीचा दिवस’ आणला. त्या दिवशी जादा पगार न घेता काम करायचं, आणि त्या बदल्यात मालकांनी भरलेला पैसा वृद्धांच्या आणि अपंगांच्या देखभालीला जायचा. रजेसाठी इतकं झगडलेल्या देशाने आपला एक दिवस असा देणं ही मला मोठी गोष्ट वाटते.

मागे राहणाऱ्यांमध्ये केवळ वृद्ध नाहीत. आजही दर दहांतले जवळजवळ चार फ्रेंच वर्षभरात सुट्टीसाठी कुठेच जात नाहीत, आणि त्याचं मुख्य कारण पैसा. अशांसाठी पॅरिसच्या महापालिकेने २००२ मध्ये सेन नदीकाठच्या मोटाररस्त्यावर वाळू, आरामखुर्च्या आणि ताडाची झाडं आणून ठेवली. नदीत पोहायला १९२३ पासून बंदी होती. २०२४ च्या ऑलिंपिकसाठी पाणी साफ करण्यावर अब्जाहून जास्त युरो खर्च झाले, आणि जुलै २०२५ मध्ये तीन ठिकाणी लोकांसाठी नदी खुली झाली. ‘सकूर पोप्युलेर’ ही संस्था तर १९७९ पासून दर ऑगस्टमध्ये ‘सुट्टीने विसरलेल्यांचा दिवस’ पाळते. पॅरिसच्या उपनगरांतली हजारो मुलं त्या दिवशी भल्या सकाळी बसमध्ये चढतात, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दिवसभर खेळतात, जेवतात, आणि रात्री घरी येतात. १९३६ साली लाग्राँज यांनी तिकिटाने जे सुरू केलं, तेच काम हे स्वयंसेवक आज बसने करतात.

पुढच्या आठवड्यात : ऑगस्टच्या अखेरीस सेत बंदराच्या कालव्यात नावांवर उभं राहून खेळली जाणारी भाल्यांची झुंज.