हृदयातील भरकटलेली वीज

हृदयाच्या उजव्या अलिंदातील पेशीपुंज मिनिटास ६० ते १०० विद्युत्संदेश धाडतो. संदेश पुढे सरकताच मागील स्नायू क्षणभर प्रतिसाद देत नाहीत. म्हणून तो उलट फिरत नाही. जुन्या झटक्याच्या व्रणापाशी मात्र संदेश रेंगाळतो व तोवर सज्ज झालेल्या स्नायूंत पुन्हा शिरतो. असे चक्र १९१३ मध्ये जॉर्ज माइन्स यांनी प्रयोगाने दाखविले. एकाची अनेक चक्रे झाली, की निलय नुसते थरथरतात, रक्ताभिसरण थांबते. डिफिब्रिलेटरचा धक्का बंद हृदय सुरू करतो, ही चित्रपटांनी रुजविलेली समजूत! वस्तुतः तो बहुतेक स्नायूंना एकदम उद्दीपित करून भरकटलेल्या लहरी पुसतो आणि मूळ पेशीपुंजास पुन्हा सूत्रे घेऊ देतो. तो मिळेपर्यंत छाती दाबत राहावी. उपचाराविना सरणाऱ्या प्रत्येक मिनिटास जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते.