पन्नास सेंटच्या नाण्यातली चांदी : अमेरिकेतले ‘कॉइन रोल हंटिंग’ नेमके काय आहे?

अमेरिकेत एखादा ग्राहक बँकेत ५०० डॉलर भरतो आणि त्या बदल्यात ५०० डॉलरचीच नाणी घेऊन जातो. काही दिवसांनी त्यातली जवळपास सगळी नाणी तो दुसऱ्या एखाद्या बँकेत जमा करतो. वरवर पाहता हा निव्वळ हमालीचा उद्योग वाटेल, कारण या नाण्यांच्या खोक्याचे वजनच ११ किलोहून अधिक असते. पण मधल्या वेळेत त्याने हजार नाण्यांची कड तपासलेली असते. त्यातले एखादे नाणे चांदीचे निघाले, तर पन्नास सेंटला मिळालेल्या त्या नाण्याची किंमत त्याच्या कित्येक पट असते. या छंदाला ‘कॉइन रोल हंटिंग’ म्हणतात.

अर्ध्या डॉलरमध्ये चांदी होती का?

होती, आणि भरपूर होती. १९६४ सालापर्यंतच्या अमेरिकी अर्ध्या डॉलरमध्ये ९० टक्के चांदी आणि १० टक्के तांबे असे. नाण्याचे वजन साडेबारा ग्रॅम, म्हणजे त्यात ११.२५ ग्रॅम शुद्ध चांदी. दहा सेंटचे ‘डाइम’ आणि पंचवीस सेंटचे ‘क्वार्टर’ ही नाणीसुद्धा ९० टक्के चांदीचीच होती.

१९६०च्या दशकात चांदीचा भाव चढू लागला. नाण्यातल्या चांदीची किंमत नाण्यावर छापलेल्या किमतीच्या जवळ पोहोचली, की लोक ते नाणे खर्च करत नाहीत, साठवतात. चांदीचा भाव औंसाला १.३८ डॉलरच्या वर गेला, की अर्ध्या डॉलरमधली चांदीच पन्नास सेंटहून महाग होत होती. त्यात नाण्यांची टंचाईही निर्माण झाली होती. अखेर २३ जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नव्या नाणे कायद्यावर सही केली. डाइम आणि क्वार्टरमधून चांदी पूर्णपणे गेली. अर्ध्या डॉलरमध्ये मात्र ती ४० टक्के ठेवण्यात आली आणि १९७०पर्यंत टिकली. १९७१पासून हे नाणेही तांबे-निकेलचे झाले.

चांदीची नाणी साठवून काही फायदा होणार नाही, अशी ग्वाही जॉन्सन यांनी सही करताना दिली होती. लोकांनी ती मनावर घेतली नाही. जुनी नाणी गल्ल्यातून भराभर दिसेनाशी झाली. सरकारने १९६७मध्ये चांदीची नाणी वितळवण्यावर बंदी घातली आणि १९६९मध्ये ती उठवली. जानेवारी १९८०मध्ये चांदी औंसाला ५० डॉलरच्या आसपास गेली, तेव्हा असंख्य नाणी थेट भट्टीत गेली.

मग आता बँकेत ती सापडतात कशी?

याचे उत्तर अर्ध्या डॉलरच्या विचित्र नशिबात आहे. नोव्हेंबर १९६३मध्ये जॉन केनेडी यांची हत्या झाली आणि १९६४मध्ये त्यांची प्रतिमा असलेला अर्धा डॉलर आला. १९६४ सालाची सुमारे ४३ कोटी नाणी पाडण्यात आली. तरीही ती व्यवहारात फारशी फिरली नाहीत. कोणी आठवण म्हणून ठेवली, कोणी चांदीसाठी. काही वर्षे हे नाणे हाती न आल्याने लोकांची ते वापरण्याची सवयच मोडली. १९७१मध्ये बिनचांदीचे नाणे आले, तोवर त्याची जागा क्वार्टरने घेतली होती. २००२पासून तर जवळपास दोन दशके टांकसाळीने हे नाणे केवळ संग्राहकांसाठी पाडले.

डाइम आणि क्वार्टर रोज हजारो हातांतून जातात. त्यातली चांदी लोकांनी केव्हाच वेचून घेतली. अर्धा डॉलर मात्र बँकेची तिजोरी, रोकड वाहून नेणाऱ्या कंपन्यांची गोदामे आणि घरातली कपाटे यांतच पडून राहिला. आजोबांनी डब्यात ठेवलेली नाणी नातवंडे बँकेत नेऊन भरतात. त्यांना आणि कॅशियरला ती नुसती पन्नास सेंटची नाणी दिसतात. तिथून ती मोजणी यंत्रात जातात, कागदी गुंडाळीत बांधली जातात आणि पुन्हा कोणाच्या तरी हाती येतात. त्यातही ४० टक्के चांदीची नाणी अधिक निसटतात, कारण १९६४ हे साल अनेकांना माहीत असते, पण १९६५ ते १९७० या काळातल्या नाण्यांतही चांदी आहे, हे कमी लोकांना ठाऊक असते.

शोध कसा घेतला जातो?

अर्ध्या डॉलरच्या एका गुंडाळीत २० नाणी, म्हणजे १० डॉलर असतात. अशा ५० गुंडाळ्यांचा एक खोका होतो. त्यात १००० नाणी आणि ५०० डॉलर. बऱ्याच शाखा हे नाणे जवळ ठेवत नाहीत, त्यामुळे खोका आधी मागवावा लागतो आणि त्यासाठी सहसा त्या बँकेत खाते असावे लागते. यंत्राने बांधलेल्या गुंडाळ्यांपेक्षा एखाद्या ग्राहकाने हाताने बांधून आणलेल्या गुंडाळ्या शोधकांना जास्त प्रिय असतात, कारण त्या थेट कोणाच्या तरी घरातून आलेल्या असतात.

पहिली नजर जाते ती कडेवर. तांबे-निकेलच्या नाण्याच्या आत तांब्याचा गाभा असतो, म्हणून त्याच्या कडेला तपकिरी पट्टा स्पष्ट दिसतो. ९० टक्के चांदीच्या नाण्याची कड सरसकट पांढरी असते. वीस नाणी एकावर एक रचली, की पांढरी कड लगेच उठून दिसते. ४० टक्के चांदीचे नाणे मात्र फसवते. त्याचाही गाभा तांबेबहुल असल्याने कडेला फिकट पट्टा दिसू शकतो. म्हणून संशय आला की साल पाहायचे, आणि तरी खात्री होत नसेल तर वजन करायचे :

- १९६४ आणि त्याआधीचे : १२.५ ग्रॅम, ९० टक्के चांदी
- १९६५ ते १९७० : ११.५ ग्रॅम, ४० टक्के चांदी
- १९७१ आणि नंतरचे नेहमीचे नाणे : ११.३४ ग्रॅम, चांदी नाही

याला अपवादही आहेत. संग्राहकांच्या संचासाठी सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत पाडलेली नंतरच्या काळातली काही नाणी चांदीची आहेत. स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त १७७६–१९७६ अशी दोन साले असलेले नाणे त्यांपैकीच. त्यावर ‘एस’ हे टांकसाळीचे अक्षर असते, पण तेवढ्यावर भागत नाही. ‘एस’ अक्षराची बिनचांदीची नाणीही आहेत, त्यामुळे कड पाहावीच लागते.

चांदीखेरीज इतरही काही हाती लागते. १९७०चे डेन्व्हर टांकसाळीचे नाणे केवळ संग्राहकांच्या संचात आले होते. कोणीतरी संच फोडून ते खर्च केले, तर ते गुंडाळीत सापडू शकते. त्याहून मोठा आनंद म्हणजे १९४८ ते १९६३ या काळातले बेंजामिन फ्रँकलिन यांचे किंवा १९१६ ते १९४७ या काळातले ‘वॉकिंग लिबर्टी’चे नाणे मिळणे. अशी नाणी घासून-पुसून चकचकीत करू नयेत. त्याने संग्राहकांच्या लेखी त्यांची किंमत उतरते.

हिशेब परवडतो का?

समजा, चांदीचा भाव औंसाला (३१.१ ग्रॅम) ३० डॉलर आहे. मग १९६४च्या नाण्यात सुमारे १०.८५ डॉलरची आणि ४० टक्क्यांच्या नाण्यात सुमारे ४.४४ डॉलरची चांदी असते. दोन्ही नाणी शोधकाला पडतात पन्नास सेंटला.

दुसरी बाजूही पाहायला हवी. अख्ख्या खोक्यात चांदीचे एकही नाणे न निघणे ही नेहमीची गोष्ट आहे. एका खोक्यात ४० टक्क्यांचे एकच नाणे निघाले, तर ३० डॉलरच्या भावाने कमाई चार डॉलरपेक्षाही कमी. त्यासाठी बँकेच्या दोन फेऱ्या, पेट्रोल आणि हजार नाणी तपासण्याचा वेळ खर्ची पडतो. अमेरिकेतले केंद्रीय किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर आहे. मजुरीच्या हिशेबाने हा धंदा बऱ्याचदा तोट्यातच जातो.

मात्र यात मुद्दल बुडत नाही. अमेरिकेत जुने अर्धे डॉलर आजही वैध चलन आहेत. त्यामुळे निरुपयोगी ठरलेले प्रत्येक नाणे पन्नास सेंटलाच परत जाते. लॉटरीचे तिकीट लागले नाही तर पैसे जातात, इथे न लागलेल्या तिकिटाचे पूर्ण पैसे परत मिळतात. जातो तो वेळ आणि पेट्रोल.

भारतात असा शोध का घेता येत नाही?

नाण्यातून चांदी जाण्याची गोष्ट भारतातही घडली, आणि अमेरिकेच्या २५ वर्षे आधी. ब्रिटिशकालीन रुपया ११.६६ ग्रॅमचा होता आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असे. म्हणजे तो चांदीच्या अर्ध्या डॉलरच्या जवळपासच होता. १९४०मध्ये त्यातली चांदी निम्म्यावर आणली गेली आणि १९४७चा रुपया निकेलचा झाला. फरक पुढे पडला. महायुद्धाच्या काळात सरकारने चांदीचे जुने रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून परत घेतले. जे उरले ते सराफाकडे गेले किंवा घरात राहिले. लक्ष्मीपूजनाला ताम्हणात मांडला जाणारा राणीछाप रुपया आज बँकेत एक रुपया म्हणून भरता येत नाही. मग तो नाण्यांच्या पिशवीत सापडणार कुठून?

बँकांना याचा त्रास होत नाही का?

होतो. खोका मागवणे, ठेवणे आणि परत आलेली नाणी मोजणे यात बँकेचा खर्च होतो. म्हणून काही शाखा शुल्क लावतात, काही सरळ नकार देतात. जाणते शोधक नाणी एका बँकेतून घेतात आणि दुसऱ्या बँकेत भरतात. त्यामुळे आपणच तपासलेली नाणी पुन्हा आपल्याच हाती येण्याचा धोकाही कमी होतो. काही जण तपासलेल्या नाण्यावर शाईचा बारीक ठिपका देतात. पुढच्या खोक्यात ठिपक्याची नाणी दिसू लागली, की ती बँक सोडायची.

हे किती काळ चालेल?

चांदीचे अर्धे डॉलर नव्याने चलनात येत नाहीत आणि सापडलेले नाणे सहसा परत बँकेत जात नाही. त्यामुळे तपासलेला प्रत्येक खोका बँकांमधला साठा थोडा आणखी कमी करतो. नवी भर पडते ती फक्त जुन्या घरांतून, कोणी कपाट आवरताना सापडलेला डबा न तपासता बँकेत नेऊन भरला तर. चांदीचा भाव चढतो, तसे असे न पाहता भरले जाणारे डबेही कमी होत जातात.