ब्लूज व सोल संगीतांतील तीन तबकड्या

अमेरिकेंतील कृष्णवर्णीय लोकांच्या ब्लूज व सोल ह्या गायनप्रकारांविषयीं आपल्या भाविक घरांतून बराच संशय आढळतो. हा संशय नवा नाहीं. खुद्द त्या लोकांच्या मंडळ्यांतूनहि ब्लूजला सैतानाचें संगीत म्हणत असत. परंतु ज्यांना तें त्याज्य वाटतें त्यांनीं निदान पुढील तीन तबकड्या ऐकून मग निर्णय द्यावा. उपासनामंदिर आणि गुत्ता ह्यांमधील भिंत तेथें किती पातळ होती, हें त्यांवरून कळून येतें.

पहिली, सन हाउस ह्याची 'फादर ऑफ फोक ब्लूज' (१९६५). मिसिसिपी राज्यांतील हा गृहस्थ तरुणपणीं बाप्तिस्त मंडळींत उपदेश करी. पुढें त्यानें गिटार हातीं धरली, आणि व्यासपीठ कीं गुत्ता ही ओढाताण त्याच्या गाण्यांत कायमची राहिली. १९३० सालीं त्यानें कांहीं गाणीं मुद्रित केलीं होतीं; मग तो विस्मृतींत गेला, आणि १९६४ त रॉचेस्टर शहरीं रसिकांनीं त्याला शोधून काढलें. ब्लूजची रचना साधी असते. बहुधा पहिली ओळ दोनदां म्हणावयाची व तिसरीनें तिला उत्तर द्यावयाचें. गंधार व निषाद किंचित् उतरलेले, म्हणून स्वर कण्हल्यासारखा लागतो. गायक तारांवरून नळी फिरवितो तेव्हां गिटारहि कण्हूं लागते. पण माझ्या मतें ह्या तबकडीचें खरें मोल ज्या दोन गाण्यांत वाद्यच नाहीं, केवळ कंठ व टाळ्या आहेत, त्यांत आहे. त्यांतील एक तर प्रकटीकरण लिहिणाऱ्या योहानाविषयींचें आहे!

दुसरी, सॅम कुक ह्याची 'लाइव्ह ॲट द हार्लेम स्क्वेअर क्लब, १९६३'. पाळकाचा हा मुलगा 'सोल स्टरर्स' नामक भक्तिगीतें गाणाऱ्या पथकाचा प्रमुख गायक होता. १९५७ त तो लौकिक गाण्यांकडे वळला. मायामी शहरीं झालेलें हें गायन कंपनीला फार खडबडीत वाटलें, म्हणून तें १९८५ पर्यंत बाहेर आलेंच नाहीं. कुक १९६४ तच वारला होता. शब्द प्रेमाचे आहेत. परंतु श्रोत्यांना साद घालून त्यांचा प्रतिसाद घेण्याची रीत थेट उपासनेंतली आहे.

तिसरी, आरिथा फ्रँकलिन हिची 'अमेझिंग ग्रेस' (१९७२). हिच्यापाशीं थोडें अधिक थांबावें लागेल. डेट्रॉइटच्या प्रसिद्ध उपदेशकाची ही कन्या सोल-गायनांत कीर्तीच्या शिखरावर असतां, वयाच्या २९ व्या वर्षीं, लॉस एंजेलिस येथील एका बाप्तिस्त मंदिरांत दोन रात्री गायली. जेम्स क्लीव्हलंड व एक मोठा गायकवृंद साथीला होता. मंडळीचे हुंकार तबकडींत जसेच्या तसे आहेत. शीर्षकाचें स्तोत्र जॉन न्यूटन ह्याचें. हा एके काळीं गुलामांच्या गलबताचा कप्तान होता. त्याचें स्तोत्र गुलामांच्या वंशजांनीं आपलें केलें, आणि आरिथा तें दहा मिनिटांहून अधिक वेळ, एकेका शब्दावर आपल्याकडील आलापाप्रमाणें रेंगाळत गाते.

ह्याच तबकडींत थॉमस डॉर्सी ह्याचें 'प्रेशस लॉर्ड' एका लौकिक गाण्याशीं जोडून गायलें आहे. डॉर्सी पूर्वीं ब्लूजचा पियानोवादक होता. १९३२ त त्याची पत्नी बाळंतपणांत व पाठोपाठ तान्हें मूलहि वारलें. त्या शोकांत त्यानें हें गीत रचिलें. ब्लूजचा स्वर मंदिरांत आणल्याबद्दल पुष्कळ मंडळ्यांनीं प्रथम त्याला दूरच ठेविलें. आपल्याकडे नारायण वामन टिळकांनीं अभंग व कीर्तन ख्रिस्ती उपासनेंत आणिलें, हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना डॉर्सीचें काम समजणें कठीण जाऊं नये.

सन हाउसची तबकडी प्रथम कानाला कठोर लागेल. ती दोनदां ऐकावी. आरिथाची मात्र रविवारीं दुपारीं, घरच्या वडील मंडळींना जवळ बसवून ऐकावी.