गिनीपिगचे पोट : डॉक्टरांच्या घरांसाठी चार शब्द

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत मधुमेह, हृदयविकार, संधिवात अशा विषयांवर अधिकारी व्यक्तींचे लेख दरवर्षी वाचावयास मिळतात. त्या पंक्तीत एका पशुवैद्यकाने बसावे, हा संपादक मंडळाचा मोठेपणा होय. विषय मात्र मी मुद्दाम लहान निवडला आहे. अलीकडे इंदूरमधील आपल्या अनेक घरांत मुलांच्या हट्टापायी गिनीपिग आला आहे. पोट बिघडले की तो माझ्याकडे येतो. पण डॉक्टरांच्या घरचा असल्यास बहुधा दोन-तीन दिवसांचे घरगुती उपचार होऊन गेल्यावरच येतो. तेवढा विलंब त्याला परवडत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

वैद्यकशास्त्रावर या जीवाचे ऋण फार मोठे आहे. १८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सिद्ध करून दाखविला, तो गिनीपिगवरील प्रयोगांच्या आधारे. १९०७ साली होल्स्ट आणि फ्रोलिश या नॉर्वेच्या संशोधकांनी याच प्राण्यात स्कर्व्ही निर्माण केली आणि जीवनसत्त्व ‘क’च्या शोधाची वाट मोकळी झाली. माणसाप्रमाणेच गिनीपिगलाही हे जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही. या साम्यामुळे आपण त्याला आपल्यासारखाच समजू लागतो. पचनसंस्थेच्या बाबतीत मात्र तो आपल्याहून अगदी निराळा आहे.

लंघन नव्हे, चारा

गिनीपिग हा शुद्ध शाकाहारी, गवतावर जगणारा प्राणी. त्याच्या पचनाचे मुख्य केंद्र जठर नसून सीकम, म्हणजे अंधनाल होय. पचनमार्गातील निम्म्याहून अधिक ऐवज तेथे साठलेला असतो आणि असंख्य सूक्ष्मजंतू तंतुमय चाऱ्याचे तेथे किण्वन करीत असतात. हा कारखाना चालू राहण्यासाठी वरून चारा सतत येत राहावा लागतो. चारा थांबला की आतड्याची हालचाल मंदावते, वायू साठतो, दुखू लागते आणि दुखते म्हणून प्राणी आणखी खात नाही. उपासामुळे यकृतात चरबी साठू लागते, ती वेगळीच. शिवाय गिनीपिगला उलटी करता येत नाही.

पोट बिघडले की एक वेळ लंघन करावे, हा आपल्या घरांतला जुना संस्कार. माणसाला तो पुष्कळदा मानवतो; गिनीपिगला तो घातक ठरतो.

कसे ओळखावे?

दुखणे लपविणे हा या प्राण्याचा स्वभाव आहे. रानात दुबळेपणा दाखविणारा आधी मारला जातो. म्हणून लक्षणे शोधावी लागतात.

पहिली खूण लेंड्यांची. निरोगी लेंडी लांबट, एकसारखी आणि फारशी न चिकटणारी असते. लेंड्या लहान, कोरड्या वा कमी झाल्या की पचन मंदावले असे समजावे. काही मऊ लेंड्या तो गुदद्वाराशी तोंड नेऊन स्वतःच खातो. तो विकार नसून पोषणाचा भाग आहे, त्याला अडवू नये. दुसरी खूण वजनाची. स्वयंपाकघरातील काट्यावर आठवड्यातून एकदा वजन करून वहीत लिहावे. किलोभर वजनाच्या प्राण्यात पन्नास ग्रॅमची घट ही दखल घेण्याजोगी असते. तिसरी खूण बसण्याची : पाठ काढून, केस फुलवून कोपऱ्यात बसणे, दात करकर वाजविणे, आवडती कोथिंबीर समोर धरली तरी तोंड फिरविणे.

सकाळपासून संध्याकाळपर्यंत काही खाल्ले नाही किंवा लेंडी पडली नाही, तर उद्याची वाट पाहू नये. पोट ढोलकीसारखे तट्ट फुगले असेल अथवा पाण्यासारखे जुलाब होत असतील, तर क्षणाचाही विलंब नको. खाण्याची इच्छा असूनही घास तोंडातून गळत असेल, लाळ येत असेल, तर दोष पोटाचा नसून दाढांचा असू शकतो. याचे सर्वच दात आयुष्यभर वाढत असतात.

कपाटातील प्रतिजैविक

आता मुख्य मुद्दा. एका स्नेही डॉक्टरांच्या घरच्या गिनीपिगला शिंका येत होत्या. घरात मुलांसाठीचे अमोक्सिसिलिनचे सिरप होते. त्यांनी वजनाच्या हिशेबाने मात्रा काढून दिली. गणित अचूक होते. तिसऱ्या दिवशी जुलाब सुरू झाले. चौथ्या दिवशी माझ्याकडे आणला तेव्हा अंग थंड पडले होते, आणि रात्री तो गेला. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीने मला विचारले, “काकू, बाबांचं औषध वाईट होतं का?” मी म्हटले, “नाही गं, औषध चांगलंच आहे. पण ते याच्यासाठी नव्हतं.”

गिनीपिगच्या अंधनालेतील उपयुक्त जंतू प्रामुख्याने ग्राम-पॉझिटिव्ह असतात. पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमोक्सिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन आणि तोंडाने दिलेली सेफालोस्पोरिन्स ही औषधे त्यांचा संहार करतात. मोकळ्या जागेत क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसील माजतो आणि त्याच्या विषाने प्राणी दगावतो. माणसातही प्रतिजैविकांनंतर याच जंतूमुळे बृहदांत्रदाह होतो, हे आपणांस मी सांगावयास नको. पेनिसिलिनचा गिनीपिगवरील हा दुष्परिणाम १९४३ सालीच नोंदला गेला आहे. मे १९४० मध्ये ऑक्सफर्डला फ्लोरी यांच्या गटाने पहिली निर्णायक चाचणी उंदरांवर घेतली, हे मानवजातीचे सुदैवच म्हटले पाहिजे.

जंतुसंसर्ग असेलच, तर एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा यांसारखी तुलनेने सुरक्षित औषधे आहेत. पण ती पशुवैद्यकाने तपासूनच द्यावीत. जुलाब थांबविण्यासाठी लोपेरामाइड देऊ नये. मंदावलेले आतडे त्याने आणखीच थंडावते.

तोवर घरी काय करावे?

पशुवैद्यकाकडे पोहोचेपर्यंत प्राण्याला शांत, उबदार जागी ठेवावे. उन्हाळा असेल तर थंड जागी. सुके गवत आणि पाणी समोर असू द्यावे. लेंड्या नुसत्या मऊ पडत असतील आणि भूक शाबूत असेल, तर ओला भाजीपाला थांबवून केवळ सुके गवत द्यावे. बहुधा दिवसभरात सुधारणा दिसते. भूक गेली असेल पण पोट फुगलेले नसेल, तर त्याचे नेहमीचे पेलेट कोमट पाण्यात भिजवून, पातळ करून, सुई काढलेल्या सिरिंजने गालाच्या बाजूने थोडे थोडे भरवावे. घाई केल्यास अन्न श्वासनलिकेत जाते. पोट फुगलेले असताना मात्र काहीही भरवू नये. आधी एक्स-रे हवा, कारण जठराला पीळ पडलेला असू शकतो. उपचारात सलाईन, वेदनाशामक आणि जीवनसत्त्व ‘क’ यांना मोठे स्थान आहे. निरोगी गिनीपिगला या जीवनसत्त्वाची रोजची गरज दर किलोमागे सुमारे १० मिलिग्रॅम असते. आजारपणात ती ३० पर्यंत जाते.

जुलाबाचे कारण साल्मोनेलाही असू शकते आणि ते माणसाला लागते. पिंजरा साफ केल्यावर मुलांनी साबणाने हात धुतलेच पाहिजेत.

आपल्या घरांतील पथ्य

इंदुरी आतिथ्य या पाहुण्याच्या मुळावर येते. पोह्यांवरची शेव, पोळीचा तुकडा, बिस्कीट, भात यांपैकी काहीही त्याला देऊ नये. पिष्ट आणि साखर यांमुळे अंधनालेतील किण्वन बिघडते. दिवसरात्र सुके गवत, मोजके पेलेट, मूठभर धुतलेला हिरवा पाला, ढोबळी मिरचीची फोड, अधूनमधून पेरूचा लहान तुकडा, एवढा आहार पुरे. गणपतीला वाहतो त्या दूर्वा त्याला उत्तम. मात्र फवारणी केलेल्या जागेवरच्या नकोत. लसूणघासात कॅल्शियम अधिक असल्याने मोठ्या गिनीपिगला तो रोज देऊ नये. कोणताही बदल आठवड्याभरात हळूहळू करावा. माळव्यातील मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर वा खिडकीशी पिंजरा ठेवू नये.

आपल्या मित्रमंडळींस एकच विनंती. घरचा गिनीपिग खात नाही असे मुलाने सांगितले, तर त्याचे म्हणणे रुग्णाच्या नातेवाइकाच्या तक्रारीइतकेच गांभीर्याने घ्यावे. औषधाचे कपाट उघडण्यापूर्वी एक दूरध्वनी करावा. रात्री उशीर झाला असला तरी करावा.