हायड्रोजन उचलणारा शेजारी

अल्कोहोल खाऊन मिथेन वायू सोडणारा एक जीवाणू सूक्ष्मजीवशास्त्राच्या पुस्तकांत बरीच वर्षं सुखानं नांदत होता. त्याचं नाव मिथॅनोबॅसिलस ओमेलियान्स्की. अमेरिकी शास्त्रज्ञ एच. ए. बार्कर यांनी तो चिखलातून वेगळा काढला होता आणि रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ ओमेलियान्स्की यांचं नाव त्याला मिळालं होतं. मिथेन कसा तयार होतो हे शोधणारे अनेक प्रयोग त्याच्यावर होत असत. १९६७ मध्ये उघड झालं, की असा जीवाणू मुळात नाहीच.

मार्विन ब्रायंट, एलीन वोलिन, मेयर वोलिन आणि राल्फ वुल्फ या चौघांनी दाखवलं, की सगळे ज्याला एक समजत होते ते दोन वेगळे जीव होते. पहिला अल्कोहोलपासून ॲसिटिक आम्ल बनवायचा आणि हायड्रोजन बाहेर टाकायचा. दुसऱ्याला अल्कोहोल पचतच नव्हतं. तो हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन मिथेन करायचा. दोघांची ताटातूट केल्यावर पहिल्याची वाढ खुंटली. अन्न समोर होतं, पण त्यानंच सोडलेल्या हायड्रोजननं त्याची वाट अडवली होती.

हे का घडतं, याचं उत्तर ऊर्जेच्या हिशेबात आहे. अल्कोहोलचं ॲसिटिक आम्ल करताना हायड्रोजन साचू दिला, तर त्या क्रियेतून जीवाणूच्या हाती काहीच लागत नाही; उलट पदरची ऊर्जा घालावी लागते. बाजार समितीच्या आवारातला माल व्यापाऱ्यांनी उचलला नाही तर मागची गाडी रिकामी होत नाही, तसंच हे. हायड्रोजन उचलला जात राहिला, की तीच क्रिया नफ्यात येते. प्रोपिऑनिक आम्लाच्या बाबतीत अट आणखी कडक आहे. तिथं हायड्रोजनचा दाब वातावरणीय दाबाच्या साधारण दहा हजाराव्या भागापर्यंत खाली ठेवावा लागतो. तो फारच खाली गेला, तर मिथेन करणाऱ्याच्या वाट्याला काही उरत नाही. दोघांनाही परवडेल अशी पट्टी अगदी अरुंद असते, आणि त्या पट्टीत मिळणारी ऊर्जा इतकी थोडी, की हे जीव फार सावकाश वाढतात.

यात परोपकार शोधायला जाऊ नये. पहिला आपला कचरा बाहेर टाकतो आणि दुसरा आपलं पोट भरतो. पण दुसऱ्याचं पोट भरणं हीच पहिल्याच्या जगण्याची अट आहे. या नात्याला शास्त्रात सिंट्रॉफी म्हणतात. त्यात अंतरालाही फार महत्त्व आहे. शेजारी जितका जवळ, तितका हायड्रोजन लवकर पोचतो. म्हणून सांडपाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या बंदिस्त टाक्यांमध्ये हे जीव एकमेकांना चिकटून बारीक दाणेदार गोळ्या करून राहतात. काही जोड्यांनी हायड्रोजनचीही मध्यस्थी काढून टाकली आहे. जिओबॅक्टर वंशाच्या दोन जाती एकत्र वाढवल्या, तेव्हा त्यांच्यात थेट इलेक्ट्रॉनांची देवघेव होते असं २०१० मध्ये दिसलं.

आपल्याकडे या भागीदारीचा रोजचा अनुभव गोबरगॅसवाल्यांना असतो. टाकीत घातलेल्या शेणकाल्यातल्या तंतुमय पदार्थांची आधी साखर होते, साखरेची आम्लं होतात, त्या आम्लांपासून ॲसिटिक आम्ल, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात, आणि शेवटी मिथेन. प्रत्येक पायरीवर वेगळे जीव काम करतात. गाईच्या पोटातही साखळीची सुरुवात अशीच होते, पण तिथं तयार झालेली आम्लं पोटाच्या अस्तरातून गाईच्या रक्तात जातात. तिची बरीचशी ऊर्जा तीच असते. टाकीत आम्लं शोषून घेणारं कुणी नसतं, म्हणून साखळी शेवटच्या पायरीपर्यंत जावीच लागते.

आता टाकीत एकदम खूप खरकटं ओतलं, तर आम्लं बनवणारे जीवाणू झपाट्यानं वाढतात. हायड्रोजन उचलणारे त्या वेगानं वाढू शकत नाहीत. हायड्रोजन साचतो, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक आम्लांचं विघटन थांबतं, टाकीतला आम्लपणा वाढतो आणि मिथेन करणारे आणखी मंदावतात. टाकीला आंबूस वास येतो, गॅस घटतो, त्यात कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण वाढतं आणि शेगडी नीट पेटत नाही. काही दिवस काही न घालता थांबणं आणि मग थोडा ताजा शेणकाला घालून हळूहळू सुरुवात करणं, हा त्यावरचा जुना उपाय. ताज्या शेणातून मिथेन करणारे जीव नव्यानं येतात, आणि थांबल्यानं मागे पडलेल्यांना पुढच्यांना गाठायला सवड मिळते.

मिथेन करणारे हे जीव खरं तर जीवाणू नाहीतच. १९७७ मध्ये कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी त्यांच्या रायबोसोममधला आरएनए तपासला आणि ते जीवसृष्टीच्या वेगळ्याच शाखेतले ठरले. त्या शाखेला आज आर्किया म्हणतात. वूझ यांना हे मिथेनकर्ते मिळाले ते राल्फ वुल्फ यांच्या प्रयोगशाळेतून. ‘ओमेलियान्स्की’मधल्या दुसऱ्या भागीदाराचं नाव पुढे मिथॅनोबॅक्टेरियम ब्रायंटी असं ठेवलं गेलं.

एकेक जीव वेगळा काढून त्याचं शुद्ध संवर्धन करायचं, ही रॉबर्ट कॉख यांच्या काळापासूनची शिस्त. रोगजंतू ओळखायला तिचा मोठा उपयोग झाला. पण जो जीव शेजाऱ्याशिवाय जगतच नाही, तो या चाळणीतून निसटून जातो. जपानच्या हिरोयुकी इमाची आणि सहकाऱ्यांनी वेगळा रस्ता धरला. २००६ मध्ये नानकाई द्रोणीजवळच्या समुद्रतळातून, सुमारे अडीच हजार मीटर खोलीवरून त्यांनी गाळ आणला. दोन हजारांहून अधिक दिवस तो मिथेन पुरवणाऱ्या यंत्रणेत ठेवला, आणि मग त्यातून एक आर्किया वाढवला. त्याची संख्या दुप्पट व्हायला दोन ते साडेतीन आठवडे लागतात. तो अमिनो आम्लं खातो आणि वाढतो तो हायड्रोजन उचलणाऱ्या मिथेनकर्त्याच्या सोबतीनंच. हे संशोधन जानेवारी २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये आलं. ज्या अ‍ॅसगार्ड गटातला हा आर्किया आहे, तो गट वनस्पती, प्राणी आणि माणूस यांच्या पेशींचा सर्वांत जवळचा ज्ञात नातेवाईक मानला जातो. आपल्या पेशींची सुरुवातही अशाच एखाद्या भागीदारीतून झाली असावी, हा कयास त्यामुळे आता प्रयोगशाळेत तपासून पाहता येतो.