विहिरीचे पाणी ऊन का लागते?

पौषातील पहाटे करमाडच्या शिवारात पंप सुरू केला म्हणजे पाटाच्या पाण्यावर वाफ दिसते व ते हाताला ऊन लागते. तेच पाणी वैशाखात गार वाटते. वस्तुतः विहिरीच्या पाण्याचे तापमान वर्षभर फारसे पालटत नाही. पालटते ती हवा.

काही मीटरखालची जमीन त्या गावच्या वर्षाच्या सरासरी तापमानाच्या आसपास स्थिर असते. आणखी खाली गेल्यास पृथ्वीच्या पोटातील उष्णता जाणवू लागते. सर्वसाधारणपणे दर १०० मीटरला अडीच ते तीन अंश सेल्सियस वाढ होते. परंतु हा हिशेब पाणी स्थिर असतानाचा होय. उंचावर मुरलेले पावसाचे पाणी खाली उतरताना खडकास निववीत जाते. खोलवर तापून सखल भागी वर चढणारे पाणी वरचे थर तापविते. गाळाच्या खडकांच्या खोऱ्यांत वाळूखडकाच्या कणांमधील पोकळ्यांतून ही ये-जा दूरवर चालते. पैठणवरून वाहणारी आपली गोदावरी पुढे तेलंगणात अशाच खोऱ्यातून जाते. तेथे मणुगुरू परिसरात खोल छिद्रांतून गरम पाणी वर आले आहे.

करमाडची भूमी निराळी. येथे काळा पाषाण, मांजऱ्या खडक आणि मधूनमधून गेरूचा थर अशी रचना असते. अखंड पाषाणात पाणी शिरत नाही. ते मुरूम, सांधे व भेगा यांतूनच चालते. कोकणात याच पाषाणातील खोल भेगांतून उतरलेले पाणी तापते आणि निवण्यापूर्वीच त्वरेने वर येते. वज्रेश्वरी, तुरळ, उन्हवरे येथील कुंडे अशी झाली आहेत. काही ठिकाणी पाणी ७० अंशांच्या घरात असते. त्याखाली ज्वालामुखी आहे ही समजूत चुकीची आहे. लाव्हा वाहिला त्यास सुमारे साडेसहा कोटी वर्षे लोटली. त्याची धग केव्हाच निवाली.

आता आपल्या कामाची गोष्ट. विंधन विहिरीस ऊन पाणी लागले म्हणजे खाली मोठा झरा आहे, असे समजून आणखी खोल जाणे व्यर्थ खर्चाचे ठरते. ते पाणी बहुधा खोलवर दीर्घकाळ राहिलेले असते. त्याची भरपाई सावकाश होते व त्यात क्षारही अधिक असू शकतात. पिकास देण्यापूर्वी ते तपासून घ्यावे. उलट, १५० मीटर खोल छिद्राचे पाणी शेजारच्या साध्या विहिरीइतकेच गार असेल, तर वरचेच पाणी भेगेवाटे खाली ओढले जात असण्याचा संभव असतो. अशा वेळी नवे पाणी मिळाले असे नसून शेजाऱ्याच्या विहिरीतील वाटा उचलला गेला, असे होते. गावोगावच्या पुष्कळ तंट्यांचे मूळ येथे सापडेल. शेतीसाठी ६० मीटरहून खोल विहीर घेण्यास महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ अन्वये मनाई आहे, हेही ध्यानात ठेवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी साधा तापमापक जवळ बाळगावा. पंप अर्धा तास चालल्यानंतर, नळी उन्हात तापलेली नसताना, सावलीत पाणी मोजावे. पाण्यातील पंप स्वतःही थोडी उष्णता देतो. म्हणून एखाद्या अंशाच्या फरकावरून निष्कर्ष काढू नये. विहिरीची खोली, पाण्याची पातळी व तापमान यांची नोंद पावसाळ्यापूर्वी एकदा व दिवाळीनंतर एकदा करावी.