पिवळ्याने ठेवून घेतलेला निळा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, जुन्या नागपुरात मारबती नावाचे स्त्रीरूपी पुतळे मिरवत निघतात. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. इतवारीत दोघींची भेट होते, बडगे नावाच्या पुतळ्यांसह मिरवणूक महाल भागाच्या रस्त्यांवर येते, गच्च्यागच्च्यांवर माणसं उभी असतात. सगळी रोगराई घेऊन जा, असं साकडं दोघींना घातलं जातं. दोघींवर ऊन एकच पडत असतं. तरी एक पिवळी आणि दुसरी काळी का?

उन्हात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सगळे रंग असतात. तांबड्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ७०० नॅनोमीटर, जांभळ्याची सुमारे ४००. तरंगलांबी जितकी कमी, तितकी प्रकाशाच्या एकेका कणातली ऊर्जा जास्त. पिवळी वस्तू या उन्हातला निळा-जांभळा भाग ठेवून घेते. उरलेला तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा ती परत पाठवते, आणि ही बाकी आपल्या डोळ्याला पिवळी दिसते. म्हणूनच अंधाऱ्या खोलीत शुद्ध निळा दिवा लावला, तर त्याच्या उजेडात पिवळी मारबतही काळपट दिसेल. परत पाठवता येईल असा प्रकाश तिच्यापर्यंत पोचतच नाही.

पण नेमका निळाच का अडकतो? उत्तर इलेक्ट्रॉनांकडे आहे. रेणूतल्या इलेक्ट्रॉनांना कितीही ऊर्जा धारण करता येत नाही. त्यांच्यासाठी ठरावीक पायऱ्या असतात. प्रकाशकणाची ऊर्जा दोन पायऱ्यांमधल्या अंतराशी जुळली, तर इलेक्ट्रॉन तो कण गिळून वरच्या पायरीवर जातो. नाही जुळली, तर प्रकाश सुटतो.

घरची हळद घ्या. तिच्यातल्या कर्क्युमिनच्या रेणूत दोन कडी आणि त्यांना जोडणारी सात कार्बन अणूंची साखळी आहे. त्या रचनेत एकेरी आणि दुहेरी बंध आलटून पालटून येतात, त्यामुळे काही इलेक्ट्रॉन एका अणूपाशी न थांबता दूरवर पसरतात. इलेक्ट्रॉनाला पसरायला जागा जितकी जास्त, तितक्या पायऱ्या जवळ येतात. कर्क्युमिनमध्ये त्या नेमक्या निळ्या-जांभळ्या प्रकाशाइतक्या अंतरावर आहेत. आता हळदीत ओला चुना मिसळा. चुन्यातला अल्क रेणूतला प्रोटॉन काढून घेतो, इलेक्ट्रॉन आणखी मोकळे होतात, पायऱ्या आणखी जवळ येतात. मग निळ्याऐवजी हिरव्याच्या बाजूचा प्रकाश अडकतो आणि हळद डोळ्यांदेखत लाल होते. हळद-चुन्याचं कुंकू पिढ्यान्‌पिढ्या असंच बनत आलं आहे.

हीच वाट पुढे चालत गेलं की काळा रंग येतो. काजळीत कार्बनचे पापुद्रे असतात. तिथे इलेक्ट्रॉन एका छोट्या रेणूवर नव्हे, अणूंच्या प्रचंड जाळ्यावर पसरलेले असतात. पायऱ्या इतक्या दाटीने येतात की निळा असो वा तांबडा, प्रत्येक रंगाला कुठली ना कुठली उडी जुळते. जवळजवळ काहीच परत येत नाही. गिळलेला प्रकाश अणूंच्या थरथरीत, म्हणजे उष्णतेत बदलतो. मे महिन्याच्या नागपुरी उन्हात काळी छत्री तापते ती यामुळेच. हळदीच्या पिवळ्यात आणि काजळीच्या काळ्यात दोन वेगळी तत्त्वं नाहीत. फरक आहे तो इलेक्ट्रॉनांना मिळालेल्या मोकळिकीचा.

महालाला लागूनच इतवारीचा सराफा आहे. तिथलं पिवळं याहून नवलाचं. धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर डोलतात आणि तो परतवतात, म्हणून धातू चकाकतो. चांदी सगळे रंग परतवते. तिच्यातली पायरी इतकी उंच की तिथवर फक्त डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण पोचतात. सोनं मात्र निळा ठेवून घेतं. त्याच्या अणुकेंद्रात ७९ प्रोटॉन आहेत. त्यांच्या ओढीने सर्वांत आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगाने फिरतात, आणि अशा वेगाला आइनस्टाइनचे सापेक्षतेचे नियम लागू होतात. आतल्या कक्षा आक्रसतात, बाहेरच्यांची मांडणी बदलते आणि चांदीतलं उंच अंतर सोन्यात निळ्या प्रकाशाच्या टप्प्यात उतरतं. हा परिणाम नसता, तर सोनं चांदीसारखंच पांढरं दिसलं असतं. सापेक्षतेचा पुरावा शोधायला दुर्बिणीची गरज नाही. सराफ्यातल्या कुठल्याही मंगळसूत्राच्या वाटीत तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो.